सोयाबीनचे दोन वाण ताडून पाहायचे तर नाणेफेकच का?

वावर_दारव्हा
वावर नाल्याकडे उतरतं. वर मुरमाड, खाली भारी काळी. जेएस-335 आणि फुले संगम हे दोन वाण 6 जोड प्लॉटांत लावायचे आहेत. गटातले म्हणतात, एका जोडीत डावीकडे, पुढच्या जोडीत उजवीकडे, असं आलटून-पालटून लावा. प्रत्येक जोडीत कोणता वाण कुठल्या बाजूला, हे नाणेफेकीनं ठरवून वेगळं काय होतं?

संख्या_अमरावती
दादा, जमिनीतही तसाच फेर असला, जुन्या सऱ्यांचा किंवा बुजलेल्या पाटाचा, तर जमिनीचं श्रेय वाणाला जातं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1926 च्या लेखात आणि 1935 च्या पुस्तकात चिठ्ठीचा, म्हणजे नाणेफेकीसारख्या नशिबावर सोडलेल्या निवडीचा, आग्रह धरला तो यासाठी. पण खरी ताकद पुढे आहे. वाणांत काहीच फरक नसेल, तर प्लॉटचं वजन तेच राहिलं असतं, फक्त पाटी बदलली असती. दर जोडीत दोन शक्यता, म्हणून 6 जोड्यांच्या मांडण्या 64. एकच वाण सहाही जोड्यांत सरस येण्याची शक्यता 64 पैकी 2, सुमारे 3 टक्के. चारच जोड्या असतील तर 16 पैकी 2, म्हणजे साडेबारा टक्के. तेवढ्यावर बियाणं बदलू नका. जमीन एकसारखी असावी ही अट या हिशेबात कुठेच येत नाही!

काळीमाती
जोडीतले दोन्ही प्लॉट एकाच पातळीवर, जोड्या उताराच्या दिशेनं एकाखाली एक. प्लॉट 8 तासांचा (ओळींचा), 45 सेंमीवर, 10 मीटर लांब. टोकूनच पेरा, तिफणीत मधेच बियाणं बदललं की सरमिसळ होते. कडेचे दोन-दोन तास आणि टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडून मधलंच कापा. उरतं 16.2 चौरस मीटर. किलोला 250 नं गुणलं की एकरी किलो. संगम थोडा उशिरा येतो, दोन्ही एकाच दिवशी कापू नका. वजन सारखं वाळवूनच करा. धुऱ्याजवळ जोडी नको.

वावर_दारव्हा
सहाही वेळा छापाच पडला तर?

संख्या_अमरावती
सगळे एकाच बाजूला येण्याची शक्यता 32 त 1. तशी मांडणी नको असेल तर नाणं उडवण्याआधीच ठरवा, आणि हिशेब 62 मांडण्यांवर करा: 62 पैकी 2. मांडणी पाहून मन बदललं तर हिशेब मोडतो. फिशर यांचे समकालीन संख्याशास्त्रज्ञ गॉसेट यांचा मात्र समतोल मांडणीकडेच कल होता, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: चूक कमी होते. पण ती किती उरली, हे मग जमिनीबद्दल काहीतरी गृहीत धरूनच सांगावं लागतं.

काळीमाती
रानडुकरांनी एक प्लॉट खाल्ला तर अख्खी जोडी सोडा. 5 जोड्यांत 32 पैकी 2, म्हणजे सव्वासहा टक्के. म्हणून 7 लावा.