लेबलवाल्याइच्या प्रोमो लिस्टमंधी नाव कसं घालाव लागते? पाच हजार मांगून राहिला एक जण

दारव्हा_बेस
राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, गावाचं नाव लिहीत नाही नाहीतर आमचे पोट्टे इथंच येऊन बसतीन. सात-आठ वर्ष झाले, लग्न, हळद, भीम जयंती, पोळा, गणपती सगळं वाजवून राहिलो. पण रात्री घरी आलो का मले हाऊस अन् टेक हाऊसचा, म्हणजे क्लबमंधल्या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याचा, नाद हाय, दर महिन्याले एक तासाचा मिक्स साउंडक्लाउडवर टाकतो, ऐकणारे चाळीस-पन्नास, त्यातले अर्धे पुण्याले कामाले गेलेले आमचेच गाववाले.
आता प्रश्न असा का बाहेरच्या डीजेइच्या मिक्समंधी असे ट्रॅक ऐकू येतात जे बीटपोर्टवर, म्हणजे डीजेइच्या गाण्याच्या ऑनलाइन दुकानात, तीन-चार आठवड्यानं येतात. म्हणजे त्याइले पहिलेच भेटते. म्हणतात का लेबलची, म्हणजे गाणे काढणाऱ्या कंपनीची, एक प्रोमो लिस्ट असते, तिच्यावरच्या डीजेइले रिलीजच्या आधीच गाणं जाते. त्या लिस्टवर नाव कोण घालते? इन्स्टावर एकानं मेसेज केला का पाच हजार दे, दोनशे लेबलच्या लिस्टमंधी टाकून देतो. मी तर अर्धे पाठवूनच देत होतो, बायको म्हणे आधी सोयाबीन तर विकू द्या. खरं असते का हे? अन् खेड्यातल्या लग्नवाल्याले देतात का कोणी?

वरूडचा_संत्रा
वहिनीले नमस्कार सांगजो, तुये पाच हजार वाचवले तिनं. लिस्टवर घेतो म्हणून डीजेपासून पैसे घेणं हे लेबलचं कामच नाही. उलट लेबल स्वतःच पैसे भरते त्या सर्विसले जिच्यावरून प्रोमो जाते. इन्फ्लाइट, फॅटड्रॉप, प्रोमो पुश असे प्लॅटफॉर्म हायत. रिलीजच्या काही आठवडे आधी तुले मेल येते, लिंक उघडली का गाणं वाजते, मंग रेटिंग द्या, दोन ओळी लिहा, तेव्हा बहुतेक ठिकाणी डाउनलोडचं बटन सुरू होते. म्हणजे गाणं फुकट नाही बाप्पा, तुयं मत हेच त्याची किंमत. ते मत मंग लेबल आपल्या प्रेस नोटमंधी लावते, दुकानवाल्याले दाखवते का पहा कोण कोण वाजवून राहिले.
पैसे देऊन जे भेटते ते रेकॉर्ड पूल. डीजेसिटी, झिपडीजे वगैरे, महिन्याची वर्गणी भरायची अन् उतरवायचं. तो मेसेजवाला एकतर पूलचा पासवर्ड वाटून राहिला असन नाहीतर कोणाची तरी लिंक चोरून. दोन्हीत फसशीन तूच.

कॅसेटकाका_हिंगणघाट
पूलचं नाव निघालं म्हणून सांगतो, पूल पहिले असा नव्हता. १९७५ साली न्यूयॉर्कले डेव्हिड मॅन्क्युसो अन् त्याच्या सोबतच्या डीजेइनं पहिला रेकॉर्ड पूल काढला. काहून, तर तवा डीजेले रेकॉर्ड पायजे तर एकेका कंपनीच्या ऑफिसात जाऊन उभं राहा, ओळख असन तर भेटन नाहीतर या उद्या. मंग हे सगळे एक झाले, कंपनीले म्हणे तुम्ही सगळा माल एकाच जागी पाठवा, आम्ही वाटून घेतो अन् कोणतं गाणं लोकाइनं उचललं कोणतं पडलं हे लिहून देतो. म्हणजे तेव्हापासूनच सौदा तोच, रेकॉर्ड घ्या अन् खबर द्या. तवा मधातला कागद कोरा असलेल्या तबकड्या फिरत, आता लिंक फिरते.
अन् दारव्हेकर, तुमच्याइकडं हे चालतेच की! पोळ्याच्या अन् गणपतीच्या आधी रिमिक्सवाले पोट्टे मोठ्या सेटअपवाल्याले गाणं आधी देतात का नाही? काहून देतात, तर गाण्याच्या मधात "डीजे अमका" म्हणून जो टॅग ओरडते तो चार गावात वाजला पायजे. फुगलेल्या बेसच्या धुमाल रिमिक्सले का इज्जत नाही म्हणा, पण लिस्ट ती पण लिस्टच हाय. ज्याच्याजवळ ऐकणारे लोक हायत त्याच्याजवळ गाणं जाते.
आम्ही तर नागपूरच्या सीताबर्डीवरून कॅसेट आणत होतो, एसटीच्या सीटखाली ठेवून. उन्हानं टेप पघळली तर वरातीत गाणं म्हैस हंबरल्यावाणी निघे. असो.

दारव्हा_बेस
काका 😂 म्हैस एक नंबर. पण मंग माह्याजवळ लोक तर हायत, हळदीले आठशे माणूस नाचते, ते टेक हाऊसवर नाही नाचत हाच घोळ. लेबलले मेल लिहू तर काय लिहू? इंग्रजी माही मोडकी हाय.

लेबलवाला_यवतमाळी
मी मूळचा यवतमाळकडचाच, आता पुण्याले असतो, दोघं जण मिळून एक छोटं लेबल चालवतो, नोकरी सांभाळून. टेबलाच्या या बाजूनं काय दिसतं ते सांगतो.
आठवड्याला दहा-पंधरा मेल येतात, "प्लीज ॲड मी टू युवर प्रोमो लिस्ट, आय ॲम टॉप डीजे". नाव नाही, लिंक नाही, आमचं एकही गाणं ऐकलेलं नाही, तीच मेल पन्नास लेबलला एकदमच टाकलेली, वरती सगळ्यांचे पत्ते दिसून राहिले. ती जाते कचऱ्यात. इंग्रजी मोडकी असली तर कोणी बघत नाही रे, जर्मनीवाल्याची पण मोडकीच असते.
आता उलटं. एकानं बँडकॅम्पवर, म्हणजे जिथं कलाकार अन् लेबल थेट गाणी विकतात त्या साइटवर, आमचे दोन रिलीज विकत घेतले. तिथं विकत घेणाऱ्याचं नाव अन् मेल आम्हाले दिसते. महिनाभरानं त्याची मेल आली, चार ओळींची, का तुमचा अमुक ट्रॅक मी या मिक्समंधी एकोणतिसाव्या मिनिटाला वाजवला, ही लिंक, पुढचा प्रोमो पाठवाल का. त्याच दिवशी घातलं त्याचं नाव. फॉलोअर किती ते मी पाहिलंच नाही, एकोणतिसाव्या मिनिटावर जाऊन ऐकलं, खरंच होतं, मिक्सही बरा होता.
तर तू असं कर. तुझ्या मिक्समंधी आधीच ज्या लेबलचे ट्रॅक आहेत त्यातले लहान आठ-दहा पकड, जिथं मालकच मेल वाचते असे. मोठ्या लेबलची लिस्ट प्रमोशनवाल्या एजन्सीकडे असते, तिथं क्लबची रेसिडेन्सी (एकाच क्लबमंधी नेमानं वाजवणं) किंवा रेडिओ शो नसला तर कोणी विचारत नाही, त्याच्या मागं लागू नको. मेल डेमोच्या पत्त्यावर टाकू नको, तिथं गाणी बनवणाऱ्याइची रांग असते, प्रोमोचा पत्ता वेगळा असला तर तो, नसला तर साधा संपर्काचा. मिक्सच्या खाली ट्रॅकलिस्ट पूर्ण लिहत जा, कलाकार अन् लेबलचं नावसुद्धा, तू लिहत नसशील हे मी पैजेवर सांगतो. लेबलवाले स्वतःचं नाव सर्च करत बसतात रात्री, मी तर बसतोच. अन् दर महिन्याले ठरलेल्या दिवशी मिक्स टाक, भलेही चाळीसच जण ऐकोत, पण बारा महिने सलग दिसला पाहिजे.
लग्न वाजवतो हे लपवू नको. माह्या लिस्टवरच्या लोकांची निम्मी मतं "नाईस ट्रॅक, विल प्ले" एवढीच येतात, त्याचं काय लोणचं घालायचं? आजवरचं सगळ्यात कामाचं मत भंडाऱ्याकडच्या एका मंडपवाल्या डीजेचं होतं. त्यानं लिहिलं का दुसरा ब्रेक, म्हणजे बेस थांबते तो भाग, लय लांब हाय, साखरपुड्यात जेवणं चालू असतानी लावून पाहिलं, बेस परत येईपर्यंत पोट्टे खुर्च्याइवर बसून गेले. आम्ही सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके) कापले त्यातले.

टेक_मोर्शी
एक गोष्ट राहिली, ती मी भोगलेली. लिस्टवर घेतलं होतं एका लेबलनं, नाव नाही सांगत. दोस्ताले दाखवाची हौस, म्हणून ट्रॅक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, ग्रुप फक्त अकरा जणाइचा. चौथ्या दिवशी तो कुठंतरी फुकट डाउनलोडवर निघाला. कॉपीत वॉटरमार्क असते, ऐकू येत नाही पण कोणाले दिलेली कॉपी ते समजते. त्याइनं मले एक ओळीची मेल टाकली अन् लिस्टमधून काढलं, त्यानंतर दुसऱ्या दोन लेबलचे प्रोमो पण बंद झाले, आपसात बोलतच असतीन. अकरा जणापैकी कोण ते अजूनही समजलं नाही, चहा सगळ्याइसोबत पेतो.
अन् आवडलं नाही तर तसं लिहा नाहीतर सोडून द्या, पण डाउनलोड करून चूप बसणाऱ्याले काही महिन्यानं काढतात. मेल नेमानं पहाव लागते. लिंक पण कायमची राहत नाही, लग्नाच्या सीझनमंधी माह्या तीन लिंका अशाच गेल्या.

दारव्हा_बेस
ट्रॅकलिस्टची पैज जिंकले तुम्ही यवतमाळी भाऊ, मी फक्त "एन्जॉय" लिहत होतो. काल रात्री बसून मागच्या सहा मिक्सच्या लिस्टा लिहिल्या, दोन ट्रॅकचे नावच आठवले नाही.
एक लहान प्रश्न, डाउनलोडले एमपीथ्री घेऊ का वेव्ह? आमच्याइकडं रेंज गच्चीवर जाव लागते.

वरूडचा_संत्रा
वेव्ह म्हणजे न दाबलेली फाइल, मिनिटाले दहा एमबी पकड, सहा मिनिटाचा ट्रॅक साठ. ३२० ची एमपीथ्री चौदा-पंधरात होते. मंडपातल्या बेसवर तुले फरक ऐकू आला तर मले सांगजो. एमपीथ्री घे.

कॅसेटकाका_हिंगणघाट
अन् हे ध्यानात ठेव का प्रोमो भेटला म्हणजे वाजवाचं लायसन भेटलं असं नाही. कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीले अन् लग्नासोबतच्या कार्यक्रमाले सूट हाय, कलम ५२ मंधी. उद्या ढाब्यावर तिकीट लावून नाइट ठेवली तर तिथं ती सूट नाही.

दारव्हा_बेस
ढाब्यावर तिकीट कोण देते काका, फुकट बोलावलं तरी येत नाहीत.
टाकल्या मेल. दोन लेबलले, एक लिस्बनचं अन् एक आपलं बंगळूरचं. दोघाइचेही ट्रॅक आधी विकत घेतले, मिनिट लिहून दिलं. खाली हेही लिहिलं का मी लग्न वाजवतो. पाहू आता, आर्णीले हळद हाय, जनरेटर चढवाचा हाय गाडीत.