अनुभव धागा: नव्या विज्ञानकथा आणि फँटसी कादंबऱ्या नेमक्या कुठे अडतात?

गेल्या दहा-बारा वर्षांत इंग्रजीत आलेल्या विज्ञानकथा-फँटसी कादंबऱ्या बऱ्याच जणांच्या कपाटात नाहीतर किंडलवर अर्ध्यावर पडून असतात. या धाग्यावर "छान आहे, जरूर वाचा" नको. पुस्तक कुठे अडतं, का अडतं आणि पुढे कसं सरकायचं, तेवढं लिहा. शेवट फोडू नका.

*

‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (अँडी वीअर, २०२१) अडत नाही. उलट इतकं सुळकन जातं की त्यातली गणितं नजरेतून सुटतात. सुरुवातीलाच नायक एक वस्तू खाली सोडून वेळ मोजतो. दुप्पट उंचीला वेळेच्या वर्गाने भागलं की गुरुत्वत्वरण मिळतं. ते येतं १५, पृथ्वीवर असायला हवं ९.८. हा दीडपटीचा आकडा लक्षात ठेवा. नायकाचं यान ज्या ताऱ्याकडे निघालंय तो टाउ सेटी सुमारे १२ प्रकाशवर्षांवर आहे. अर्ध्या वाटेपर्यंत १.५ जी (म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या दीडपट) त्वरणाने वेग वाढवत आणि उरलेल्या वाटेत तसाच कमी करत गेलं, तर सापेक्षतेच्या सूत्राने पृथ्वीवर १३ वर्षं जातात आणि यानात जेमतेम ४. पुस्तकातही तेच आकडे आहेत. लेखकाने मोठी थाप एकच मारली आहे, ती म्हणजे इंधन म्हणून वापरलेला सूक्ष्मजीव. बाकी हिशेब चोख. कच्चं आहे ते माणसांचं काम: मोहिमेची प्रमुख स्ट्रॅट सोडली तर पृथ्वीवरची पात्रं पुठ्ठ्याची आहेत. जमलं तर ऑडिओबुक ऐका, एक पात्र सुरांत बोलतं आणि ते सूर तिथे खरंच ऐकू येतात.

*

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’. लिउ त्सिशिन यांची मूळ चिनी कादंबरी पुस्तकरूपात २००८ची, केन लिउ यांचा इंग्रजी अनुवाद २०१४चा. तीन सूर्य एकमेकांच्या जवळ असले तर त्यांच्या ओढाताणीत ग्रहाची कक्षा सहसा स्थिर राहत नाही, हे गणित म्हणून खरं आहे. पण पुस्तक ते ज्या अल्फा सेंटॉरीवर बसवतं, तिथे तसं नाही. तिथले दोन मोठे तारे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरा घेतात आणि तिसरा, प्रॉक्सिमा, त्यांच्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १३,००० पट लांब आहे. तो एवढ्या लांबून काय गोंधळ घालणार? कणांच्या गुंतागुंतीतून (क्वांटम एंटँगलमेंट) क्षणात निरोप धाडणंही भौतिकशास्त्रात बसत नाही. एवढं पोटात घालून वाचलं तर कादंबरी जबरदस्त आहे. सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं चिनी पुस्तकात मध्ये होती, अनुवादात ती सुरुवातीला आणली आहेत. ती जड वाटली तरी गाळू नका, कादंबरीतली शास्त्रज्ञ ये वेनज्ये पुढे जे करते त्याचं कारण तिथेच आहे.

*

‘चिल्ड्रन ऑफ टाइम’ (एड्रियन चायकोव्स्की, २०१५) अर्धी बुद्धिमान झालेल्या कोळ्यांची (जाळी विणणाऱ्या किड्यांची) आणि अर्धी यानातल्या माणसांची. ती सोडणारे बहुतेक जण कोळ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात सोडतात. कारण नावं. पोर्शिया, बियांका, फेबियन ही नावं पिढ्यान्‌पिढ्या परत येतात, पण कोळी दर वेळी वेगळे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसं समजा आणि नावाऐवजी काळ कुठला चाललाय ते बघा. पोर्शिया हे उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या एका गटाचं खरंखुरं नाव आहे. ते दुसऱ्या कोळ्यांची शिकार करतात आणि त्यासाठी लांबचा वळसा आधी ठरवून घेतात, म्हणून लेखकाची निवड उगाच नाही. यानातल्या माणसांचा अर्धा भाग त्यामानाने फिका आहे.

*

‘द फिफ्थ सीझन’ (एन. के. जेमिसिन, २०१५). तीनपैकी एका कथासूत्राचं निवेदन द्वितीय पुरुषी. ते ‘यू’ मनातल्या मनात ‘तुम्ही’ म्हणून वाचलं तर कोरडं, सरकारी पत्रासारखं वाटतं. ‘तू’ म्हणा, लगेच लागेल. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे, तिथे खूण घालून ठेवा.

*

‘बेबल’ (आर. एफ. क्वांग, २०२२) भाषेवर प्रेम असणाऱ्यांसाठी. १८३०च्या दशकातलं ऑक्सफर्ड. चांदीच्या पट्टीवर दोन भाषांतले एकमेकांचे प्रतिशब्द कोरायचे, उच्चारायचे, आणि भाषांतरात जो अर्थ गळून जातो तो चांदी प्रत्यक्षात आणते. दोन्ही भाषा नुसत्या येऊन भागत नाही, त्यांत विचार करता यायला हवा. हा नियम नीट समजला की कथानक उलगडतं. एका बाजूला ‘उष्टं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लेफ्टओव्हर’ कोरा. गळला तो अर्थ म्हणजे कुणाचं तरी तोंड लागलेलं असणं. तेच ‘उष्टं’ आणि हिंदीतलं ‘जूठा’ घेतलंत तर पट्टी ढिम्म हलणार नाही, कारण मध्ये काही गळतच नाही. युरोपातल्या भाषा एकमेकींत मिसळत चालल्यामुळे त्यांच्या जोड्या निकामी होऊ लागतात. मग ऑक्सफर्डला कँटन आणि कलकत्त्याची मुलं हवी असतात. साम्राज्याचं अर्थकारण जादूच्या एका नियमातून काढलंय, हे मला या पुस्तकातलं सगळ्यात हुशार काम वाटतं.

आता दुखणं. तळटीपा. शब्दांच्या व्युत्पत्तीच्या टीपा मस्त आहेत, पण वाचकाला आधीच कळलेलं पुन्हा समजावणाऱ्या टीपाही तितक्याच. दुसऱ्या जातीच्या बेलाशक सोडा.

*

‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (किम स्टॅनली रॉबिन्सन, २०२०). पहिलं प्रकरण उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेचं, आणि ते वाचून झोप उडते. ते समजायला ‘वेट बल्ब’ तापमान माहीत हवं: थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून येणारा आकडा. तो ३५ अंशांवर गेला की घाम वाळून अंग थंड होणं थांबतं. मग सावली, पंखा, पाणी कशाचाच उपयोग नाही. प्रत्यक्ष प्रयोगांत तर तरुण, धडधाकट माणसांची मर्यादाही दमट हवेत ३१च्या आसपास निघाली आहे. पुढे मात्र १०६ प्रकरणांत इतिवृत्तं, निबंध, कोडी असं काहीही येतं. सलग वाचू नका, दिवसाला चार-पाच प्रकरणं पुरेत.

*

‘ऑर्बिटल’ (सामंथा हार्वे) विज्ञानकथा म्हणून हातात घेऊ नका. सहा अंतराळवीर, एक दिवस, १६ प्रदक्षिणा, कथानक शून्य. २०२४चं बुकर मिळालं ते भाषेसाठी. हळू वाचा, नाहीतर हाती काहीच लागत नाही.

*

वरच्या ‘उष्टं-लेफ्टओव्हर’ला +१. ऑफिसच्या फ्रिजमधल्या डब्याला अशी एक पट्टी हवीच आहे.