परळ की मिरज: पसंतीक्रम लावताना घराला किती वजन द्यावे?

धागाकर्ती, सांगली
नीटचे गुण आणि गेल्या वर्षीचा कटऑफ पाहता मुंबईत परळचे सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय (केईएम रुग्णालयाचे) आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या दोन्ही ठिकाणी माझा नंबर लागेल असे दिसते; प्रश्न पसंतीक्रमात आधी कोणते लिहायचे एवढाच आहे. मला पुढे सर्जरी करायची आहे. बाबांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते आणि आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असल्याने बाबांची ने-आण करण्याचे काम वर्षभर मीच करते. धाकटा भाऊ नववीत आहे. घरचे सगळे परळ म्हणतात. माझा ओढा मिरजेकडे आहे, पण तो जबाबदारीपोटी आहे की घर सोडण्याच्या भीतीपोटी, हे मला ठरवता येत नाही.

प्रतिसाद १ (केईएमचा माजी विद्यार्थी)
परळच लिहा. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण याच रुग्णालयात केले, पण मी त्या इतिहासासाठी हे सांगत नाही. देशभरातून येणारे गुंतागुंतीचे रुग्ण, वॉर्डातच वाद घालणारे सीनियर आणि रात्री दोनलाही अभ्यास करणारे सोबती यांच्यामुळे आपल्याला कुठवर जाता येईल याचा अंदाजच बदलतो. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभरात घरी पोहोचता येते.

प्रतिसाद २ (मिरजेत शिकलेली सर्जन)
वरील मताशी मी सहमत नाही. दोन्ही महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असल्याने एमबीबीएसची परीक्षा एकच, आणि एमएसची (सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीची) जागा नीट-पीजीच्या गुणांवर मिळते, कॉलेजच्या नावावर नाही. मिरजेला सीमेपलीकडून, कर्नाटकातूनही रुग्ण येतात. टाके घालण्यापासून प्रसूतीपर्यंतची कामे इंटर्नशिपमध्ये मला स्वतःच्या हाताने करायला मिळाली, तर मोठ्या रुग्णालयांत गेलेल्या माझ्या मैत्रिणींचे निम्मे वर्ष रिपोर्ट गोळा करण्यात गेले. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. मिरज जवळ आहे म्हणून तू बाबांना नेऊ शकशील, असे समजू नकोस. सकाळपासून दुपारपर्यंतची प्रात्यक्षिके आणि हजेरीची सक्ती तिथेही आहे. संध्याकाळी घरी असणे आणि दुपारी मोकळे असणे यांतला फरक ओळखून निर्णय घे. शिवाय 2023 च्या नियमावलीने एमबीबीएसमध्ये कॉलेज बदलण्याची वाट बंद केली होती आणि ती आता खुली असेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून 'आधी परळ, नंतर बघू' हा विचार मनात आणू नकोस.

प्रतिसाद ३ (एका डॉक्टर मुलीचे वडील)
हिशेब एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांचा नाही. त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित (सक्तीची सरकारी) सेवा आणि तीन वर्षांचे एमएस धरले, तर साडेनऊ वर्षे होतात. एवढा काळ एका मुलीच्या स्कूटरवर उपचार अवलंबून ठेवणे बाबांच्याही हिताचे नाही. महिन्याच्या बोलीवर ओळखीचा रिक्षावाला ठरवा, डायलिसिस केंद्रात संध्याकाळची पाळी मागा, म्हणजे शाळा सुटल्यावर आई सोबत जाऊ शकेल. ही व्यवस्था कॉलेज कोणतेही असले तरी करावीच लागेल. आपल्या लिखाणात आईची शाळा आहे, भावाची इयत्ता आहे, पण बाबांचे स्वतःचे मत कुठेच नाही. ते विचारले का?

प्रतिसाद ४
व्यवस्था लागेलही, पण रात्री अचानक दम लागला तर रिक्षावाला घरात नसतो. माझे वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या शहरात शिकत होतो. माझ्या निवडीत चूक नव्हती, असे मला आजही वाटते, आणि तरीही मी कोणाला 'निर्धास्त जा' असे सांगू शकत नाही.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. काल बाबांना विचारले. ते म्हणाले, "सुई टोचायला तंत्रज्ञ असतो, तू तर बाहेर बाकावर बसतेस, परळ लिही." केंद्रात संध्याकाळच्या पाळीतली एक जागा पुढच्या महिन्यात रिकामी होणार आहे आणि आई ती घ्यायला तयार आहे. पण डायलिसिसनंतर त्यांचा रक्तदाब उतरतो, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते माझा खांदा धरतात, हे ते कोणाला सांगत नाहीत. आज आईला त्या पायरीवर उभे करून सगळे दाखवणार आहे. यादी भरायला अजून दोन दिवस आहेत.