अनुभव धागा: पीएचपी, स्ट्रिंगा आणि आपली मराठी

पारावरचा: भाच्याने सकाळी एका बातमीच्या मथळ्याचा फोटो पाठवला. शेवटी काळी चौकट, आत प्रश्नचिन्ह. "मामा, हे काय?" अरे, हे तर जुनं ओळखीचं भूत! एका दैनिकाच्या साइटवर काम करायचो तेव्हा मथळे पीएचपीतल्या (साइट बनवायची प्रोग्रॅमिंग भाषा) मजकूर कापणाऱ्या 'सबस्ट्र'ने कापले जायचे. ते फंक्शन अक्षरं नाही, बाइट (साठवणीचं एकक) मोजतं, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. लांबी सांगणाऱ्या 'स्ट्रलेन'ला 'मराठी' ही स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, दिली की १५ सांगतं. म, र, काना, ठ, वेलांटी, प्रत्येकी ३. कात्री त्या तीनांच्या मध्ये लागली की भूत हजर. मग बाइटऐवजी चिन्हं मोजणारं 'एमबी_सबस्ट्र' आणलं. भूत गेलं, पण एके दिवशी 'मुख्यमंत्री'ची शेवटची वेलांटी उडाली आणि पहिल्या पानावर 'मुख्यमंत्र...'. संपादकांचा फोन, "कुठला मंत्र?" शेवटी काना-वेलांटीसकट अख्खं अक्षर धरणाऱ्या 'ग्राफीम_सबस्ट्र'ने सुटलं, त्याच्या हिशोबी 'मराठी' ३ अक्षरांचं. तुमचेही किस्से येऊ द्या.

वसईकर: आमच्या आडनावात इंग्रजीत 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी. पुढचं जाणकार समजले असतील. मॅजिक कोट्सचा जमाना, म्हणजे फॉर्ममधल्या अपॉस्ट्रॉफी आणि बॅकस्लॅशच्या आधी पीएचपी आपणहून एक बॅकस्लॅश (उलटी तिरकी रेघ) घालायचं. पतपेढीच्या फॉर्मात पत्ता बदलायला गेलो की नावात एक बॅकस्लॅश. परत सेव्ह, तीन. परत, सात. आडनाव कमी, कुंपण जास्त. पीएचपी ५.४ मध्ये ते खूळ काढलं एकदाचं. बायको माहेरचंच नाव लावते, सुखी आहे.

घाईत_आहे: कुकर लावलाय, पटकन लिहिते. स्ट्रपॉस!!! मजकुरात शब्द कितव्या जागी आहे ते सांगतं. शब्द अगदी सुरुवातीला असला की उत्तर ०, आणि अट तपासणाऱ्या 'इफ'ला ० म्हणजे 'नाही', त्याला वाटतं सापडलाच नाही. 'फॉल्स'शी तुलना करताना तीन बरोबरची चिन्हं टाका. सरळ 'आहे की नाही' सांगणारं 'स्ट्र_कंटेन्स' यायला २०२० उजाडलं, तोवर काय झोपले होते का

पारावरचा: कुकरात काय?

घाईत_आहे: डाळ. वरणफळं आहेत. या जेवायला

सातारी_कंदी: शेतकऱ्यांच्या नोंदणीचा फॉर्म. लोकांनी क्षेत्र मराठी आकड्यात भरलं, '५' एकर. पीएचपीत त्याचा इंट, म्हणजे पूर्णांक, केला की ०. अख्खं गाव भूमिहीन 😄 'स्ट्रटीआर'ने दहा आकडे बदलून घेतले तेव्हा जमिनी परत मिळाल्या.

जर्सीकर: आमच्याकडे जावास्क्रिप्ट. मंडळाच्या गणपतीची वर्गणी, ५१ आणि १०१ डॉलर, पानावर बेरीज ५११०१. इनपुटमधून येतं ती स्ट्रिंगच, अधिक चिन्ह सरळ जोडून टाकतं. वजाबाकी मात्र नीट करतं, लबाड. खजिनदार काका म्हणाले राहू दे, सुंदर दिसतंय.

वसईकर: @जर्सीकर तिकडे मोदक साच्याचे का हाताचे?

जर्सीकर: फ्रोझन. बोलू नका.

मी_कोल्हापूरची: कुणी ऱ्यचं बोललंच नाही! 'शेतकऱ्यांना' शोधलं की निम्म्याच बातम्या यायच्या. कुणी नुक्ता असलेला 'ऱ' टाइप करतं, कुणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, स्ट्रिंग वेगळी. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारा नॉर्मलायझरही यांना एक करत नाही. साठवतानाच 'स्ट्र_रिप्लेस'ने अदलाबदल करून एकच रूप ठेवायचं.

पारावरचा: @मी_कोल्हापूरची हे भारी. आणि आयात केलेल्या जुन्या बातम्यांचं काय केलंत?

मी_कोल्हापूरची: त्या श्रीलिपीतल्या, युनिकोडआधीच्या फाँटातल्या. त्यावर वेगळा धागा काढा, इथे रडायचं नाहीये