पवनचक्क्यांपेक्षा गॅस जास्त गोठला

टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ ला पवनचक्क्या गोठल्या म्हणून वीज गेली, हे म्हणणं अर्धवट आहे. त्या गोठल्या खऱ्या, पण सगळ्यात जास्त वीज बुडाली ती गॅसवरची. गॅसच्या विहिरी गोठल्या, आणि गॅस पुढे ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरचीच वीज काही ठिकाणी कापली गेली! ४५ लाखांहून जास्त घरं आणि व्यवसाय अंधारात होते.

आम्ही डॅलसजवळ राहतो. आमचं नुकसान झालं ते बर्फ वितळताना. माळ्यावरचा पाइप गोठून आधीच तडकला होता. पाणी सुटलं आणि हॉलचं छत भिजल्या पुठ्ठ्यासारखं सोफ्यावर आलं. मीटरपाशी पाणी बंद करायची लांब चावी आमच्याकडे नव्हती. शेजारच्या आजोबांनी आणून दिली तोवर घोटाभर पाणी. इथे राहणाऱ्यांनो, ती चावी आजच आणून ठेवा, कळकळीने सांगतोय.