रेडिओवरील जाहिरातींत बोलणारे ‘समाधानी ग्राहक’ खरे असतात का?

प्रश्न: सांगलीची श्रोती

नमस्कार. आमच्या स्वयंपाकघरात दिवसभर रेडिओ चालू असतो. सकाळी आकाशवाणी आणि दुपारनंतर एक खाजगी एफएम वाहिनी. जाहिरातींच्या उत्पन्नावरच वाहिन्या चालतात हे मला ठाऊक आहे, आणि साबण, दागिने, बी-बियाणे यांच्या जाहिराती कितीही वेळा लागल्या तरी माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एका विशिष्ट प्रकारच्या जाहिरातींविषयी आहे, ज्यांत एखादी बाई किंवा वयस्क गृहस्थ आपले गाव, वय आणि दुखणे सांगून ‘या तेलाने मला महिन्याभरात गुण आला’ असे अगदी छातीठोकपणे सांगतात.

सध्या लागणाऱ्या अशा एका जाहिरातीत साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका बोलतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढता येत नव्हता, नातवाला उचलून घेता येत नव्हते, आणि आता त्या पहाटे फिरायला जातात. त्यांची एक लकब आहे: वाक्य सुरू करण्याआधी त्या हलकासा उसासा सोडतात. तोच उसासा आणि तोच आवाज मला केसांच्या औषधाच्या जाहिरातीत नगरच्या एका गृहिणीच्या तोंडी ऐकू आला, आणि पुढे इंग्रजी संभाषणाच्या वर्गाच्या जाहिरातीत एका विद्यार्थ्याच्या आईच्या तोंडीही आला. एकदा आवाज ओळखीचा झाला की तो ऐकणे नकोसे होते, पण कानाला होणारा त्रास ही माझी मुख्य अडचण नाही.

माझ्या सासूबाईंना संधिवात आहे. ती जाहिरात ऐकून त्या मला म्हणाल्या, की त्या बाईंचा फोन नंबर मिळव, औषध घेण्याआधी मला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. जाहिरातीतल्या क्रमांकावर मी फोन लावला, तेव्हा पलीकडच्या मुलाने त्या शिक्षिकांविषयी काहीही न सांगता तीन महिन्यांच्या कोर्सची किंमत सांगितली आणि आमचा पत्ता विचारला. पुन्हा विचारल्यावर ‘अशी हजारो मंडळी आमच्याकडे आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. सासूबाईंची मागणी मला अगदी रास्त वाटते. अनोळखी माणसाच्या अनुभवावर विसंबून औषध घ्यायचे, तर तो माणूस निदान अस्तित्वात तरी असला पाहिजे.

अशा जाहिरातीत बोलणारा ग्राहक खरा असावा असे काही बंधन आहे का, आणि असल्यास माझ्यासारख्या श्रोत्याने दाद कुठे मागायची? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: ध्वनिमुद्रक, पुणे

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे ही जाहिरात कशी तयार होते एवढे सांगू शकतो. मोठ्या कंपन्यांकडे जाहिरात संस्था असतात. तेल, चूर्ण, शिकवणी वर्ग, फ्लॅट आणि कर्ज विकणाऱ्या स्थानिक जाहिरातदाराकडे मात्र बहुधा वाहिनीचा विक्री प्रतिनिधीच जातो, दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने स्पॉट विकतो, आणि जाहिरात लिहून ध्वनिमुद्रित करण्याचे काम वाहिनीच्या किंवा एखाद्या लहान स्टुडिओच्या अंगावर पडते. तिथे हाताशी व्हॉइस ओव्हर करणारे मोजकेच कलाकार असतात, म्हणून एकच आवाज साताऱ्यालाही असतो आणि नगरलाही. आपला कान पक्का आहे.

खऱ्या ग्राहकाला का बोलावत नाहीत, याचे उत्तर सोपे आहे. खरा माणूस माइकसमोर बसला की ‘बरं वाटलं, फरक पडला’ असे म्हणून थांबतो. त्याला उत्पादनाचे नाव तीनदा घेता येत नाही आणि वीस सेकंदांत सगळे बसवता येत नाही. म्हणून संहिता लिहिली जाते, आणि तिच्यात अडखळण्याच्या, सुस्काऱ्याच्या, ‘काय सांगू तुम्हाला’ म्हणून थांबण्याच्या जागाही ठरवून दिलेल्या असतात. आपण ऐकलेला उसासा बहुधा तसाच आलेला असणार.

त्याहून गंभीर वाटणारी गोष्ट म्हणजे फोनचा इफेक्ट. साध्या टेलिफोनवरून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. स्टुडिओत स्वच्छ ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजाची खालची आणि वरची बाजू छाटून तो याच पट्ट्यात बसवला, वर थोडी खरखर मिसळली आणि मागे रस्त्याची वर्दळ ठेवली, की बाई घरातून फोनवर बोलत आहेत असे कोणालाही वाटते. हे काम संगणकावर चहा निवायच्या आत होते. नाटुकलीत हा इफेक्ट वापरण्यात काहीच गैर नाही. जिथे ‘आमच्या ग्राहकाचा आलेला फोन ऐका’ असे आधी सांगितले जाते, तिथे मात्र श्रोत्याला फसवण्यापलीकडे त्याचे दुसरे प्रयोजन मला दिसत नाही.

उत्तर २: ग्राहक चळवळीतील एक कार्यकर्ता

ताई, बंधन आहे, आणि एकाहून अधिक ठिकाणी आहे. विविध भारतीवर १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांपासून जाहिराती सुरू झाल्या. आकाशवाणीच्या व्यापारी जाहिरातींच्या संहितेत तर स्पष्टच म्हटले आहे, की ग्राहकांचे अभिप्राय खरे असले पाहिजेत, श्रोत्यांची दिशाभूल होईल अशा रीतीने ते वापरता कामा नयेत, आणि दाव्यांचा पुरावा देण्याची जाहिरातदाराची तयारी असली पाहिजे. आकाशवाणीची जाहिरात संहिता पाळण्याची अट खाजगी एफएम वाहिन्यांच्या परवानगीच्या करारातही आहे.

त्याहून मोठा आधार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. या कायद्याने जाहिरातीतील ‘शिफारस’ या संज्ञेची व्याख्या दिली आहे. एखाद्या व्यक्तीचे मत, निष्कर्ष किंवा अनुभव आपण ऐकतो आहोत असा समज ग्राहकाच्या मनात निर्माण करणारा कोणताही संदेश, तोंडी विधानसुद्धा, त्या व्याख्येत येतो. बोलणारी व्यक्ती प्रसिद्ध असलीच पाहिजे अशी अट त्यात नाही, आणि म्हणूनच साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिका त्यात बसतात. पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. शिफारस ही ती करणाऱ्याचे खरे आणि बऱ्यापैकी अलीकडचे मत असावी, आणि ती त्या वस्तूची पुरेशी माहिती किंवा प्रत्यक्ष अनुभव यांवर आधारलेली असावी, असे त्यांत म्हटले आहे. जी व्यक्ती अस्तित्वातच नाही तिला मतही नसते आणि अनुभवही नसतो. त्यामुळे अशी जाहिरात या कसोटीवर कशी टिकेल हे मला समजत नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जाहिरात प्रसारित करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो, मात्र ती आपल्या नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात प्रसारित केली असा बचाव त्याला उपलब्ध आहे. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे जाहिरात लिहिणारी आणि ध्वनिमुद्रित करणारी वाहिनीच असेल, तर त्या बचावाच्या आड तिला लपता येऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

औषधांच्या बाबतीत आणखी एक जुना कायदा आहे, तो म्हणजे औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४. त्यात जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणा, तसेच ध्वनीच्या साधनाने केलेली घोषणाही आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, मूतखडा, पक्षाघात आणि संधिवात हे सर्व त्याच्या अनुसूचीतील विकार आहेत, आणि ते बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात सर्वसामान्य जनतेसाठी करताच येत नाही. म्हणजे सासूबाईंनी ऐकलेल्या जाहिरातीत ‘संधिवात बरा होतो’ असे म्हटले असेल, तर बोलणाऱ्या शिक्षिका खऱ्या की खोट्या हा पुढचा प्रश्न झाला. मुळात ती जाहिरातच बेकायदा ठरते.

उत्तर ३: जाहिरात लेखक, मुंबई

वरील सर्व मान्य करूनही एक फरक लक्षात आणून द्यावासा वाटतो, कारण तो विसरला तर रेडिओवरील निम्म्या जाहिराती खोट्या ठरतील. रेडिओला चित्र नसते. त्यामुळे जावा-जावांचा संवाद, वडील आणि मुलाचे भांडण, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची घासाघीस हाच आमचा रंगमंच असतो. ‘अगं, तुझ्या साड्या अजून इतक्या नव्या कशा?’ असे एक मैत्रीण दुसरीला विचारते, तेव्हा या दोघी कुठल्या, असा प्रश्न कोणताही श्रोता विचारत नाही. ती नाटुकली आहे हे त्याला पहिल्या वाक्यातच कळते. यात फसवणूक नाही, आणि अशा जाहिराती लिहिणाऱ्या अनेकांनी त्यात खरोखर उत्तम काम केले आहे.

श्रोत्याला थेट उद्देशून, गाव, वय आणि व्यवसाय यांसह, किती किलो वजन उतरले किंवा किती दिवसांत साखर खाली आली असा आकडा जेव्हा एखादे पात्र सांगते, तेव्हा ती नाटुकली उरत नाही, साक्ष होते. माझ्या मते सीमारेषा इथे आहे. कलाकाराचाच आवाज घ्यायचा असेल तर ‘हे नाट्यरूपांतर आहे, आवाज कलाकाराचा आहे’ असे सांगावे. तेही शेवटी एका श्वासात उरकू नये. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दावा आवाजात असेल तर खुलासाही त्याच गतीने यायला हवा. म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीतील ‘बाजारातील जोखमींच्या अधीन’ हे वाक्य पूर्वी जसे धावत सुटत असे ते आठवून पाहा. म्युच्युअल फंडांचे नियमन करणाऱ्या सेबीने २००८ मध्ये त्याला किमान पाच सेकंद देण्याची सक्ती केली. पाच सेकंद म्हणजे जाहिरातदाराचे पैसे जातात, आणि खरी अडचण तेवढीच आहे.

उत्तर ४: न्यू जर्सीहून

इथले एक प्रकरण या चर्चेशी अगदी जुळणारे आहे. गूगलने २०१९ मध्ये आपल्या पिक्सेल ४ या फोनसाठी आयहार्टमीडिया या मोठ्या रेडिओ कंपनीला आणि इतर काही वाहिन्यांना जाहिराती दिल्या. वाहिन्यांवरच्या लोकप्रिय निवेदकांनी त्या आपल्या आवाजात, प्रथमपुरुषी वाचल्या: हा माझा आवडता कॅमेरा आहे, रात्रीचे फोटो मी यानेच काढतो, अशा थाटात. प्रत्यक्षात बहुतेक जाहिराती ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा फोन बाजारात आलेला नव्हता आणि या निवेदकांनी तो हातातही घेतलेला नव्हता. अशा सुमारे २९,००० जाहिराती प्रसारित झाल्या. ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणारी इथली केंद्रीय संस्था फेडरल ट्रेड कमिशन आणि सात राज्यांनी दोन्ही कंपन्यांवर कारवाई केली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या समझोत्यात त्यांना एकूण सुमारे ९४ लाख डॉलर भरावे लागले.

या प्रकरणात फोन वाईट आहे असे कोणीही म्हटले नव्हते. वस्तू चांगली असली तरी न घेतलेला अनुभव घेतल्यासारखा सांगणे हाच दोष मानला गेला. आपल्याकडे ‘पण तेल चांगलेच आहे’ असे सांगून हा विषय नेहमी संपवला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. २०२४ मध्ये कमिशनने अस्तित्वात नसलेल्या ग्राहकांच्या नावाने अभिप्राय तयार करण्यावर बंदी घालणारा स्वतंत्र नियमही केला.

सांगलीची श्रोती

सर्वांचे मनापासून आभार. नाटुकली आणि साक्ष हा भेद मला पटला, आणि तो सासूबाईंनाही समजावून सांगता आला. त्यांनी औषध मागवण्याचा विचार सोडला आहे. ती जाहिरात मी पुन्हा लक्ष देऊन ऐकली. त्यात ‘संधिवात मुळापासून नाहीसा’ असे शब्द आहेत. आता तक्रार करायची तर पुरावा काय द्यायचा? वर्तमानपत्राचे कात्रण कापून ठेवता येते, पण रेडिओवरचे बोलणे हवेत विरते.

उत्तर ५: ग्राहक चळवळीतील एक कार्यकर्ता

वाहिनीचे नाव, तिची फ्रिक्वेन्सी, दिनांक आणि वेळ लिहून ठेवावी. याच जाहिराती दिवसातून अनेकदा आणि ठरावीक कार्यक्रमांत लागतात, त्यामुळे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घेणे कठीण नाही. एक पूर्ण जाहिरात आणि तिच्या आधी किंवा नंतर निवेदकाने वाहिनीचे नाव घेतलेला भाग, एवढे त्यात यावे. फोनवर झालेल्या संभाषणाचा दिनांक आणि त्या मुलाचे उत्तर शब्दशः लिहून ठेवावे, कारण ग्राहकाची ओळख विचारूनही ती दिली गेली नाही, हा तक्रारीतील महत्त्वाचा भाग आहे.

संधिवात बरा करण्याच्या दाव्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या सांगली येथील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्यात १९५४ च्या अधिनियमाचा उल्लेख करावा. खोट्या शिफारशीसाठी २०१९ च्या कायद्यानुसार केंद्रीय प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, आणि तीच तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. ही तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांना ती सर्वांत सोयीची आहे. मार्गदर्शन हवे असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर उपलब्ध आहे. जाहिरात उद्योगाने १९८५ मध्ये स्थापन केलेल्या, मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाकडेही विनाशुल्क तक्रार नोंदवता येते.

अर्जात एक मागणी आवर्जून लिहावी: जाहिरातीत बोलणाऱ्या निवृत्त शिक्षिका कोण आहेत, त्यांनी हे औषध कधी घेतले आणि त्यांची लेखी संमती आहे का, याचा पुरावा जाहिरातदाराकडून मागवावा. त्यांचे नाव आपल्याला कळण्याची गरज नाही, पण प्राधिकरणाला ते कळलेच पाहिजे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.