आतड्याच्या ऑपरेशनआधी १५ दिवस थांबा म्हणाले, थांबावं का?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार, काकांच्या मोठ्या आतड्यात गाठ आहे, बायोप्सीत कॅन्सर आला. तारीख ठरली होती आणि काल डॉक्टर म्हणाले वजन फार उतरलंय, १५ दिवस खाणं सुधारू मग करू. घरात सगळे घाबरलेत, तेवढ्यात पसरलं तर? रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तर ३.६ म्हणजे नॉर्मल आहे मग कमी काय आहे? पाच महिन्यांत ६२ वरून ५४ किलो झालेत, पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडलीत.

आहारतज्ज्ञ ताई
अहो दादा ६२ चे ५४ म्हणजे जवळपास १३ टक्के गेलं की! सहा महिन्यांत १० टक्क्यांच्या वर गेलं की धोका मोठा धरतात. नुसत्या अल्ब्युमिनवर जाऊ नका, अंगात इन्फेक्शन असलं की ते खाली येतं आणि नीट न खाणाऱ्याचंही बरेच दिवस नॉर्मल दिसू शकतं. आम्ही आधी माणूस बघतो, कानशिलं बसलीत का, दंड-मांडी सुकलीय का, हाताची पकड कशी आहे, जेवण किती कमी झालंय. पायाला सूज नाहीये ना? असली तर खरं वजन ५४ पेक्षाही कमी असेल.

सर्जरी रेसिडेंट
थांबा. कुपोषण जास्त असेल तर कॅन्सर असला तरी ७ ते १४ दिवस आधी पोषण द्या असंच युरोपच्या एस्पेन या पोषणावर काम करणाऱ्या संस्थेचं मार्गदर्शन आहे. आतडं कापून जोडतात तो जोड भरायला प्रोटीन लागतं, तो सुटला तर पोटात घाण पसरते आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ येते. आतडं पूर्ण अडकलं किंवा फुटलं तर मात्र कुणी थांबत नाही, पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, गॅस बंद झाला तर तडक ॲडमिट करा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद, जीवात जीव आला. काकांना ज्वारीची भाकरी नि शेंगाचटणीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, चालेल का?

आहारतज्ज्ञ ताई
गाठीने वाट अरुंद झाली असेल तर कडक भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी आत्ता नको, डॉक्टरांना विचारूनच. मऊ भात, वरणाचं पाणी, दही, अंडं, पनीर आणि लिहून दिलेली प्रोटीन पावडर, थोडं थोडं सहा वेळा. ५४ किलोला दिवसाला ६५ ते ८० ग्रॅम प्रोटीन धरा, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. आणि बरेच दिवस जवळजवळ उपाशीच असतील तर एकदम भरपूर खाऊ घालू नका हं, रक्तातलं पोटॅशियम-फॉस्फेट झपकन खाली येतं, आधी ते तपासून घ्या.